पाळी मागेपुढे होते, मधेच डाग पडतात: सुरुवात कुठून करायची

डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘शेवटची पाळी कधी आली?’ बहुतेकजणी तिथेच अडतात. संकष्टीच्या आदल्या दिवशी, नणंदेच्या साखरपुड्याच्या आठवड्यात, बहुधा दहा तारखेच्या पुढेमागे... मग केसपेपरवर ‘पाळी अनियमित’ एवढंच उतरतं आणि गाडी थेट सोनोग्राफीकडे वळते. खरं तर पाळीच्या तक्रारींचं बरंचसं निदान तारखांमध्येच दडलेलं असतं. कोणत्या दिवशी, किती आणि कशानंतर हे जिला सांगता येतं, तिच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. आणि जिला खरोखर लगेच तपासून घ्यायला हवं, तीही ‘होईल आपोआप नीट’ म्हणत घरी बसून राहत नाही. म्हणून इथे सुरुवात आजारांच्या नावांपासून न करता कॅलेंडरपासून करू.

किती मागेपुढे चालतं?

ज्या दिवशी नेहमीसारखा लाल स्राव सुरू होतो तो पहिला दिवस. त्याआधीचे एक-दोन दिवस नुसते तपकिरी डाग पडत असतील तर ते वेगळे लिहायचे, पण मोजणीत धरायचे नाहीत. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. पाळी संपल्यापासून मोजण्याची चूक फार सर्रास होते, आणि मग ‘वीस-बावीस दिवसांतच येते’ असं वाटायला लागतं.

२८ दिवसांचं चक्र पुस्तकात असतं, सगळ्यांच्या शरीरात नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना फिगो हिने २०१८ साली ज्या मर्यादा सांगितल्या त्या अशा: प्रौढ स्त्रीचं चक्र २४ ते ३८ दिवसांचं, स्राव ८ दिवसांपर्यंत, आणि तुमच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रातला फरक साधारण ७ दिवसांपर्यंत. पंचविशीच्या आत आणि बेचाळिशीनंतर हा फरक ९ दिवसांपर्यंत चालतो.

‘माझी तारीख दर महिन्याला चार-पाच दिवस अलीकडे सरकते’ ही तक्रार घेऊन अनेकजणी येतात. चक्र २६ दिवसांचं असेल तर ३०-३१ दिवसांच्या महिन्यात तारीख सरकणारच. एखाद्या महिन्यात १ तारखेला आणि पुन्हा २७ तारखेला, अशी ‘महिन्यातून दोनदा’ येईल, तरीही ती पूर्ण नियमित आहे. तारखेकडे पाहू नका, दिवस मोजा.

पाळी लांबते तेव्हा सहसा चक्राचा पहिला भाग लांबलेला असतो. पाळी सुरू झाल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा काळ प्रत्येक महिन्यात कमीजास्त होतो. ताप, परीक्षा, रात्रपाळी, घरातलं दुःख, अचानक घटलेलं वजन या सगळ्याचा परिणाम तिथे होतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरचा काळ मात्र बराचसा स्थिर, साधारण दोन आठवड्यांचा असतो. म्हणून आठ दिवस उशिरा आलेली पाळी बहुतेक वेळा आठ दिवस उशिरा सुटलेल्या बीजाची गोष्ट सांगत असते. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी असं झालं तर त्यामागे धावू नये.

पायरी १: नोंद, पण कामाची

मोबाइलचं अ‍ॅप वापरा किंवा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाने खूण करा. घरात सगळ्यांनी पाहावं असं वाटत नसेल तर कोपऱ्यात नुसता ठिपका पुरतो. अ‍ॅपबद्दल एक सावधगिरी: ‘तुमचं बीज अमुक दिवशी सुटेल’ हे अ‍ॅप मागच्या सरासरीवरून सांगतं. पाळी मागेपुढे होणाऱ्या बाईने त्या तारखेच्या भरवशावर गर्भनिरोध करू नये.

निदान तीन चक्रं लिहा. रोज एकच अक्षर पुरतं: ‘ड’ म्हणजे नुसता डाग, पॅड लागलं नाही, ‘क’ म्हणजे कमी, ‘म’ म्हणजे नेहमीसारखी, ‘ज’ म्हणजे जास्त. जास्त म्हणजे काय, हे आधी ठरवून ठेवा: तास-दीड तासात पॅड पूर्ण भिजतं, दोन पॅड एकावर एक लावावी लागतात, रात्री उठून बदलावं लागतं, किंवा दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात. कपडा वापरत असाल तर दिवसातून किती वेळा बदलला ते लिहा. ‘अंगावरून फार जातं’ या वाक्यापेक्षा ‘दुसऱ्या दिवशी नऊ पॅड’ हे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

शेजारी चार गोष्टींच्या खुणा: दुखलं का, संबंध कधी आला, कोणती गोळी घेतली किंवा चुकली, आणि मधे डाग पडला असेल तर तो संबंधानंतर पडला का. ही शेवटची खूण सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त लपवली जाणारी. सांगायला संकोच वाटत असेल तर लिहिलेला कागदच डॉक्टरांपुढे सरकवा.

रक्त नेमकं कुठून येतं हेही एकदा पाहून घ्या. पुसताना दिसलेलं रक्त मूळव्याधीचं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाचंही असू शकतं. लघवीला जळजळ आहे का, शौचानंतरच दिसतं का, पॅडवर लागतं की फक्त पुसताना दिसतं, एवढ्यावर बराच उलगडा होतो. तपकिरी रंगाला घाबरू नका. ते हळूहळू बाहेर आलेलं जुनं रक्त असतं.

हे असेल तर नोंदी करत बसू नका

सलग दोन तास, दर तासाला पॅड भिजतंय. चक्कर येतेय, छाती धडधडतेय, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पाळी चुकलेली असताना डाग पडतायत आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय किंवा खांद्यात कळ येतेय. गर्भ नळीत राहिला असल्याची ही खूण असू शकते आणि त्यात तास महत्त्वाचे असतात. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात रक्त दिसलं. ताप, घाण वासाचा स्राव आणि पोटदुखी एकत्र आहेत. या वेळी दवाखाना उघडायची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं; वाहन नसेल तर १०८.

पावसाळ्यात आणखी एक: तापात पाळी आली आणि नेहमीपेक्षा खूप जास्त जातंय, तर डेंग्यू असू शकतो. अशा वेळी ताप-दुखीसाठी पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं.

पायरी २: गर्भ राहिलेला नाही ना?

वय पंचेचाळीस असो, नसबंदी झालेली असो, तांबी (कॉपर-टी) बसवलेली असो किंवा बाळ अंगावर पीत असो, संबंध आलेला असेल तर पाळी चुकल्यावर आधी लघवीची चाचणी. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे ‘अजून पाळीच सुरू झाली नाही’ यावर विसंबता येत नाही. चाचणीची पट्टी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्यावी. चाचणी निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी.

‘थोडं रक्त गेलं, म्हणजे पाळी आलीच’ असं धरू नका. गर्भ रुजताना काहीजणींना पाळीच्या तारखेच्या आसपास एक-दोन दिवस फिकट डाग पडतात आणि त्यालाच हलकी पाळी समजलं जातं. नेहमी चार दिवस जाणारीला या वेळी दीडच दिवस गेलं असेल तर चाचणी करून मोकळं व्हावं.

पाळी लांबली की पपई, तीळ, गूळ यांचा मारा सुरू होतो. त्याने पाळी येत नाही आणि गर्भही पडत नाही. चाचणी करायचे आठ दिवस मात्र वाया जातात. दुकानातून आणलेल्या ‘पाळी आणायच्या गोळ्या’ त्याहून वाईट, कारण त्या चाचणी न करताच घेतल्या जातात. गर्भपाताच्या गोळ्या तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत. गर्भाचा भाग आत राहून दोन-तीन आठवडे रक्त जात राहणं आणि नळीतला गर्भ लक्षात न येणं हे दोन्ही धोके त्यात आहेत. कायदेशीर आणि सुरक्षित गर्भपात इथे उपलब्ध आहे, विवाहित असा वा अविवाहित. लपूनछपून गोळ्या घ्यायची गरज नाही.

पायरी ३: घरातली औषधं टेबलावर मांडा

माझ्या मते ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते. मधेच पडणाऱ्या डागांचं कारण अनेकदा पर्समध्येच सापडतं.

तातडीची गर्भनिरोधक गोळी, म्हणजे संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची ती, घेतल्यावर त्या महिन्यात मधे डाग पडू शकतात आणि पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. यात बिघाड काही नाही. पण महिन्यातून दोन-तीनदा तीच गोळी घेतली तर चक्राचा पत्ताच लागत नाही, आणि गर्भनिरोध म्हणूनही ती रोजच्या गोळीइतकी भरवशाची नाही. गोळीनंतर तीन आठवड्यांत पाळी आली नाही तर चाचणी करा.

रोजच्या गोळ्या, माला-एन किंवा दुकानातल्या इतर, सुरू केल्यावर पहिले तीन महिने मधे डाग पडणं अपेक्षित असतं. त्या काळात गोळ्या सोडू नयेत. सोडल्या की डाग वाढतात आणि गर्भही राहू शकतो. नंतरही डाग पडत असतील तर आधी वेळा तपासा: रोज ठरलेल्या वेळी घेतल्या जातात का, जुलाब-उलट्या झाल्या होत्या का. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं, जसं कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, या गोळ्यांचा परिणाम कमी करतात. डॉक्टर निराळे असतील तर ही गाठ कुणाच्या लक्षात येत नाही. आपणच सांगायचं.

‘छाया’ ही सरकारी केंद्रात मोफत मिळणारी, संप्रेरक नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिने काहीजणींची पाळी लांबते. हा तिचा स्वभावच आहे. पाळी पंधरा दिवसांहून जास्त पुढे गेली तर चाचणी करावी. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. त्यात सुरुवातीला वेडंवाकडं रक्त जातं, डाग रेंगाळतात आणि पुढे पाळी बंदही होते. इंजेक्शन देण्याआधी हे नीट सांगितलं गेलं नाही तर बाई घाबरून दुसरा डोस टाळते. पाळी बंद झाली म्हणून ‘रक्त आत साठतंय’ अशी भीती घरातली मोठी माणसं घालतात. तसं काही साठत नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला फारसं काही नसतं. इंजेक्शन थांबवल्यावर चक्र जाग्यावर यायला मात्र काही महिने लागतात. मूल लवकर हवं असेल तर हे आधीच लक्षात घ्यावं.

तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि मधे डाग पडतात. पुढे ते कमी होतात. वर्षानुवर्षं काही त्रास नव्हता आणि आता अचानक डाग सुरू झाले, तर मात्र तांबी सरकली आहे का ते पाहून घ्यावं. तिचा धागा हाताला लागेनासा झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

आणि गौरी-गणपती. घरी पूजा, लग्न, वारी, तीर्थयात्रा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे मैत्रिणींमध्ये वाटल्या जातात. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. सहसा पाळीच्या तीन दिवस आधीपासून सुरू करतात आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. उशिरा सुरू केली किंवा वेळ चुकली की नेमके पूजेच्याच दिवशी डाग पडतात. पुढची पाळी जास्त जाऊ शकते. या गोळ्या अशा प्रकारे घेतल्याने गर्भ टळतो असं समजू नका. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या घेऊच नयेत. देवाला पाळी चालते की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग. पण श्रावण ते दिवाळी प्रत्येक सणाला चक्र पुढे ढकललं तर त्यानंतरच्या अनियमिततेचं खापर शरीरावर फोडता येणार नाही.

आता जे कुणाच्या ध्यानीमनी नसतं ते: अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. आपल्याकडे पॅन्टोप्रॅझोलसारख्या औषधाबरोबर डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड जोडलेल्या कॅप्सूल लोक महिनोन्‌महिने घेत राहतात. ही जोड प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध येण्याशी निगडित संप्रेरक, वाढवते. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी लांबते, कधी बंद होते, स्तनांतून दुधासारखा स्राव येतो. मानसिक आजारांवरची काही औषधं, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन, हेच करतात. मनाच्या आजारावरची औषधं स्वतःहून थांबवायची नाहीत. डॉक्टरांना विचारून बदलता येतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी पाळी जास्त जाते, हेही या यादीत धरा.

पायरी ४: कागदावरचा नमुना वाचा

तीन महिन्यांच्या खुणा समोर ठेवल्या की साधारण चार चित्रं दिसतात.

*पाळी वेळेवर, पण मधे डाग.* दोन पाळ्यांच्या बरोबर मध्यावर एक-दोन दिवस फिकट डाग आणि एका बाजूला हलकी कळ असेल तर तो बीज सुटण्याच्या वेळचा डाग असू शकतो, निरुपद्रवी. डाग कुठेही, कधीही पडत असतील तर गर्भाशयातला मांसाचा छोटा कोंब (पॉलिप), गर्भाशयाच्या तोंडाची सूज किंवा जंतुसंसर्ग यांचा विचार करतात. संबंधानंतर रक्त दिसत असेल तर ते एकदाच दिसलं असलं तरी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यायची. बहुतेकींमध्ये सूज किंवा पॉलिप निघतो, पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही ही सुरुवातीची खूण असू शकते आणि तो लवकर सापडला तर बरा होतो.

या तपासणीचं मोल आपल्याच मातीत सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने, खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या लाखाहून अधिक स्त्रियांवर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तक्रार नसली तरी तिशीनंतर ही तपासणी करून घ्यावी. पस्तिशी आणि पंचेचाळिशीपर्यंत मिळून निदान दोनदा व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अनेक सरकारी केंद्रांत अ‍ॅसिटिक आम्ल लावून करायची साधी तपासणीही होते.

*पाळ्यांमधलं अंतर फार मोठं.* ३८ दिवसांहून जास्त, दोन महिने, कधी तीन. वर्षातून आठपेक्षा कमी पाळ्या. इथे पीसीओडी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, झपाट्याने वाढलेलं किंवा घटलेलं वजन हे पहिले संशयित. पीसीओडी ठरवायला प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज वेळेवर न सुटणं, पुरुषी संप्रेरकांच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं किंवा रक्तात वाढलेलं प्रमाण) आणि सोनोग्राफीत बारीक बारीक फुग्यांनी भरलेले दिसणारे बीजकोश. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ लिहून आलं, पण पाळी नियमित आणि केस-मुरुमं काही नाहीत, तर तो आजार झाला असं होत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीवर तर हे निदान करूच नये, कारण त्या वयात बीजकोश तसेच दिसतात.

तीन महिन्यांत एकदाही पाळी नाही, हे चालवून घेऊ नका, ‘कटकट तर मिटली’ असं वाटलं तरी. बीज सुटत नाही तेव्हा अस्तर जाड होत राहतं. पुढे ते वेडंवाकडं आणि भरमसाट जातं, आणि वर्षानुवर्षं असंच राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. डॉक्टर काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर झडवतात. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के घटलं तरी अनेकींची पाळी आपोआप लागते: ७० किलोला साडेतीन ते सात किलो. सडपातळ बाईलाही पीसीओडी असतो, तिला उपाशी राहायला सांगणं हा शुद्ध अत्याचार.

पाळी हळूहळू फार कमी होत गेली, दोन थेंबांवर आली, बारीक ताप, वजन घटणं किंवा मूल न राहणं जोडीला असेल, तर आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो.

*वेळेवर येते, पण फार जाते.* गर्भाशयातल्या गाठी म्हणजे फायब्रॉइड, अस्तर स्नायूत शिरल्याने सुजलेलं गर्भाशय (अशा वेळी पाळी दुखतेही खूप), तांबी. पहिल्या पाळीपासूनच भरपूर जातं, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, जरा लागलं की काळंनिळं होतं, अशा मुलीला रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. तो मुद्दाम तपासल्याशिवाय सापडत नाही. जास्त जाणारीने हिमोग्लोबिन बघायलाच हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी चालेल. आकडा सुधारल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा, म्हणजे साठाही भरतो.

*काहीच ताळमेळ नाही.* कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास, कधी दोन दिवस, कधी बारा. इथे वय विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वयाप्रमाणे पारडं बदलतं

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मुलींची पाळी मागेपुढे होणारच. पण तीन महिन्यांहून जास्त अंतर, आठ दिवसांहून जास्त रक्त, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळीच नाही, तर दाखवावं. तपासणी म्हणजे आतून तपासतील या भीतीने आया मुलींना नेत नाहीत. संबंध न आलेल्या मुलीची सोनोग्राफी लघवी भरून पोटावरूनच करतात.

चाळिशीनंतर आधी चक्र आखूड-लांब होऊ लागतं, मग दोन-दोन महिने दांडी. भारतात पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. ‘जायचं वय आहे, असंच होतं’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि अर्धंच खरं आहे. अंतर वाढत जाऊन स्राव कमी होणं हे जाण्याचं लक्षण. स्राव वाढणं, गाठी पडणं, मधेच रक्त दिसणं हे तपासायचं लक्षण. पंचेचाळिशीनंतर अशी तक्रार असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. वजन खूप जास्त असेल किंवा पीसीओडी असेल तर त्याआधीही. उलट चाळिशीच्या आतच पाळी बंद पडली तर ‘सुटलीस’ म्हणून सोडून देऊ नये. हाडं आणि हृदयासाठी उपचार लागतात.

पाळी जाऊन पूर्ण वर्ष उलटलं आणि नंतर रक्ताचा एक थेंबही दिसला, तर त्याला पाळी परत आली म्हणत नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टर. बहुतेकदा कोरडेपणा किंवा पॉलिप निघतो, पण अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री करावीच लागते.

पायरी ५: दवाखान्यात

नोंदीचा कागद, औषधांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट न्या. तरुण मुलींनी डॉक्टरांना ‘एकटीशी बोलायचंय’ असं म्हणायला हरकत नाही. आई बाहेर थांबली तर निम्मी माहिती खरी बाहेर येते.

सुरुवातीच्या तपासण्या थोड्याच असतात: गर्भचाचणी, हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स, थायरॉइडसाठी टीएसएच, पाळी लांबत असेल तर प्रोलॅक्टिन, आतली तपासणी, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. पीसीओडी ठरला तर ग्लुकोज पिऊन रक्तातली साखर. संप्रेरकांच्या मोठ्या ‘पॅकेज’साठी हजारो रुपये भरण्याआधी एवढं विचारा: ‘याच्या आकड्याने उपचार बदलणार आहे का?’ दिवसही महत्त्वाचा. बीज सुटलं का हे पाहायची प्रोजेस्टेरॉन तपासणी ‘२१ व्या दिवशी’ म्हणतात ती २८ दिवसांच्या चक्रासाठी. ३५ दिवसांचं चक्र असेल तर ती २८ व्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी.

सोनोग्राफी करताना शेवटच्या पाळीची तारीख आवर्जून सांगा. पाळीच्या तोंडावर अस्तर १२-१४ मिलिमीटर असणं स्वाभाविक आहे. पाळी गेलेल्या बाईला रक्त गेल्यावर मात्र ४ मिलिमीटरच्या वर असेल तर पुढे तपासतात. आकडा तोच, अर्थ निराळा. रिपोर्टमधल्या ‘बल्की युटेरस’ने अनेकींची झोप उडते. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. नाबोथियन सिस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या निरुपद्रवी पुटकुळ्या. तक्रार नसलेली दोन सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ बहुधा नुसती पाहत राहायची असते.

‘पिशवी काढून टाका’ असं सुचवलं तर

इथे थांबून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीड जिल्ह्यात काय झालं ते आपण पाहिलंय. राज्य सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कोयता (ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी) बंद पडला तर दंड, फडात पाण्याची-आडोशाची सोय नाही, अंगावर पांढरं जाणं किंवा पोटात दुखणं एवढ्या तक्रारीवर ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती, आणि मग कर्ज काढून शस्त्रक्रिया. यातल्या बऱ्याचजणींचं वय चाळिशीच्या आत होतं. बीजकोशही काढले की त्या वयात पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं ठिसूळ होतात.

कर्करोग, फार मोठ्या गाठी, सगळे उपाय करूनही न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिला विरोध नाही. पण त्याआधीच्या पायऱ्या विचारा. पाळीच्या दिवसांत घ्यायचं ट्रॅनेक्सामिक आम्ल (रक्ताच्या गुठळीचा इतिहास नसेल तर), संप्रेरकांच्या गोळ्या, आणि विशेषतः गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाचं साधन. ते बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने डाग पडतात, नंतर रक्त खूप कमी होतं आणि अनेकींची शस्त्रक्रिया टळते. पॉलिप तर दुर्बिणीतून नेमका तेवढाच काढता येतो. तीन प्रश्न सरळ विचारा: माझं निदान काय आहे, अस्तराची किंवा गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली का, आणि बीजकोश ठेवणार की काढणार. उत्तर कागदावर घ्या.

उपचार सुरू झाल्यावर

नोंद थांबवू नका. पाळीशी निगडित बहुतेक औषधांना परिणाम दाखवायला तीन चक्रं लागतात. पहिल्याच महिन्यात डाग दिसला म्हणून डॉक्टर बदलले की मोजणी पुन्हा शून्यापासून. तीन चक्रांनंतर जुना आणि नवा कागद शेजारी ठेवा: पॅड किती कमी झाली, डागांचे दिवस घटले का, अंतर किती झालं, हिमोग्लोबिन वाढलं का. फरक नसेल तर तोच कागद घेऊन परत जा आणि निदानच पुन्हा तपासायला सांगा. आणि मधल्या काळात संबंधानंतर रक्त दिसलं किंवा तासाला पॅड भिजू लागलं, तर तीन चक्रं पूर्ण व्हायची वाट पाहू नका.